‘कॉम्प्लेक्स’ या शब्दाला बिचकू नका

प्रश्न: ताई, आम्ही सॅन होजेत ६४ घरांच्या टाउनहाउस वसाहतीत राहतो. बांधकाम २०१७ च्या शेवटी पूर्ण झालं. दोन-तीन पावसाळ्यांतच खिडक्यांखाली आणि बाल्कनीच्या कडेने ओल दिसायला लागली. बिल्डरची माणसं दोनदा येऊन सीलंट मारून गेली, ओल परत आली. मी गेल्या वर्षापासून घरमालकांच्या असोसिएशनच्या बोर्डावर आहे. वकील नेमला, बिल्डरला नोटीस दिली, पाहण्या झाल्या, तडजोड काही झाली नाही. पुढच्या महिन्यात दावा दाखल करायचाय. वकील म्हणतात, दाव्याच्या फॉर्मवर ‘कॉम्प्लेक्स केस’ अशी खूण करू, त्याचे १,००० डॉलर वेगळे लागतील. यावरून बोर्डात दोन तट पडलेत. काहींना ही फी वाढवायची युक्ती वाटते. मला वेगळीच धास्ती आहे. माझ्या वडिलांनी साताऱ्याला जमिनीच्या वाटणीसाठी १९ वर्षं कोर्टाचे खेटे घातले. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे त्यांच्या तोंडून ऐकतच मी मोठा झालो. आपण होऊन ‘आमची केस गुंतागुंतीची आहे’ असं लिहून देणं म्हणजे भिजत घोंगडं मागून घेणं नाही का? आमचा एक मित्रही विचारतोय. त्याचा शेजाऱ्याशी कुंपणाच्या तीन फुटांवरून वाद आहे, तोही कॉम्प्लेक्सची खूण करू म्हणतो. बायको म्हणते, घर विकून मोकळे होऊ. आणि सध्या आई आल्यात, त्या खालच्या खोलीत झोपतात, तिथल्याच भिंतीला सगळ्यात जास्त ओल आहे.
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर: तुमच्या वकिलांचं बरोबर आहे. खूण करा, आणि पहिल्याच दिवशी करा, दाव्याच्या अर्जाबरोबर. तुमच्या मित्राने मात्र करू नये. दोन्हीची कारणं सांगते. मी तुमची वकील नाही आणि तुमचे कागद पाहिलेले नाहीत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी वडिलांबद्दल. वाटणीच्या दाव्याला १९ वर्षं का लागतात, हे तुम्ही लहानपणी जवळून पाहिलंय. न्यायाधीशांची बदली होते, नवे येतात, त्यांना फाइल पहिल्या पानापासून समजावून सांगावी लागते. मध्येच एखादा पक्षकार वारतो, त्याचे वारस रेकॉर्डवर आणेपर्यंत वर्ष जातं. एका बाजूचा वकील हजर तर दुसऱ्याचा मुदतीचा अर्ज. दोर कुणाच्याच हातात नसतो, म्हणून दावा रेंगाळतो. कॅलिफोर्नियातली ‘कॉम्प्लेक्स’ची सोय नेमकी यासाठीच आहे: पहिल्या तारखेपासून दोर एका न्यायाधीशाच्या हातात द्यायचा.

शब्द फसवा आहे हे खरं. आपल्याला कॉम्प्लेक्स म्हटलं की एक तर इमारतींची वसाहत आठवते, नाहीतर किचकटपणा. पण इथल्या कोर्टाच्या नियमावलीतल्या ३.४०० क्रमांकाच्या नियमात त्याचा अर्थ वेगळा दिलाय. ज्या दाव्याला न्यायाधीशाने विशेष लक्ष घालून हाकावं लागतं, तो कॉम्प्लेक्स. आणि ते लक्ष कशासाठी, तेही तिथेच लिहिलंय: कोर्टावर आणि पक्षकारांवर नको तो बोजा पडू नये, काम लवकर पुढे सरकावं, खर्च आवाक्यात राहावा. कायद्याचा मुद्दा अवघड आहे की सोपा, हा त्यातला एकच भाग. खरा प्रश्न असतो तो माणसांचा आणि कागदांचा: किती पक्ष, किती वकील, किती साक्षीदार, किती खोकी.

तुमच्यासारख्या दाव्यात ही माणसं कशी वाढतात ते मी एकदा भिंतीसमोर उभं राहून पाहिलंय. अशाच एका वसाहतीत तपासणी होती. कामगाराने खिडकीखाली स्टकोचा, म्हणजे बाहेरच्या गिलाव्याचा, दीड फुटी चौकोन कापून काढला. आतला काळा बिल्डिंग पेपर बोट लावताच लगद्यासारखा निघून आला. तज्ज्ञाने मागच्या प्लायवुडवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि फारसा जोर न लावता तो दांड्यापर्यंत आत गेला. आमच्यामागे सोळा जण वाकून त्या भोकात बघत होते. बिल्डरचा वकील म्हणाला, हे खिडकी बसवणाऱ्याचं काम. खिडकीवाल्याने फ्लॅशिंगकडे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीकडे बोट दाखवलं, फ्लॅशिंगवाल्याने स्टकोकडे, स्टकोवाल्याने वरच्या बाल्कनीच्या वॉटरप्रूफिंगकडे. प्रत्येकाचा विमा वेगळ्या कंपनीचा, आणि प्रत्येक विमा कंपनीने आपला वकील दिलेला. पाणी एकाच भोकातून आत आलं होतं, पण त्याची उत्तरं सोळा होती.

तुम्ही दावा कराल बिल्डरवर. बिल्डर आपल्या सबकॉन्ट्रॅक्टरांवर उलट दावे करेल: फ्रेमिंग, खिडक्या, स्टको, पत्राकाम, छप्पर, बाल्कनी, प्लंबिंग, रंग. आज कागदावर दोनच नावं दिसतात म्हणून ‘साधी केस’ म्हणणाऱ्या बोर्डाच्या सभासदांना हे नीट सांगा. सहा महिन्यांत त्या कागदावर डझनभर नावं असतील.

अशा दाव्याला एकच न्यायाधीश नसला की काय होतं, तेही पाहिलंय. मी वकिलीत नवीन होते. चाळीसेक घरांचा दावा होता, खूण केली नव्हती, तो साध्या रांगेत गेला. पहिल्या वर्षभरात आमचे अर्ज तीन वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे निघाले. दर वेळी मी तीच सहा बाइंडर ट्रॉलीवर घालून न्यायची, आणि दर वेळी पहिली वीस मिनिटं कुठली इमारत कुठे आहे हे सांगण्यात जायची. एका न्यायाधीशांनी भिंती उघडायची परवानगी दिली, दुसऱ्यांनी तिच्यावर वेगळ्या अटी घातल्या. एकाच घराची भिंत तीन वेळा उघडली गेली, कारण नंतर दाव्यात आलेल्या सबकॉन्ट्रॅक्टरांनी ‘आमच्यासमोर उघडा’ म्हणून हट्ट धरला. त्या घरात नुकतंच बाळ झालं होतं. त्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर देण्याचं कारणही तेच आहे.

आता तो फॉर्म. त्याला सिव्हिल केस कव्हर शीट म्हणतात, क्रमांक सीएम-०१०. भरायची बाजू एक पानाची आहे, बोर्डाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. पहिल्या कलमात दाव्याचा प्रकार, त्यात एकाच चौकटीत खूण करायची. ‘रिअल प्रॉपर्टी’ असा एक गट दिसेल आणि हात तिकडे जाईल, कारण वाद घरांचाच आहे. पण तो गट भूसंपादन, बेकायदा घर खाली करवणं, मालकीहक्क वगैरेंसाठी आहे. तुमची चौकट उजवीकडच्या रकान्यात, ‘प्रोव्हिजनली कॉम्प्लेक्स’ या गटात: कन्स्ट्रक्शन डिफेक्ट, पुढे कंसात १० हा आकडा. अनेक पक्ष किंवा अनेक इमारती असलेले बांधकाम-दोषाचे दावे नियमानेच तात्पुरते कॉम्प्लेक्स धरले जातात. मोठे प्रदूषणाचे दावे, शेअर-गुंतवणुकीचे अनेक पक्षांचे दावे, क्लास अॅक्शन, म्हणजे अनेकांच्या वतीने एकत्र लावलेले दावे, हेही त्याच पंगतीत बसतात.

दुसऱ्या कलमात ‘कॉम्प्लेक्स आहे’ किंवा ‘नाही’ अशी खूण, आणि ‘आहे’ म्हटलं तर का, याच्या सहा चौकटी: वेगवेगळे वकील असलेले अनेक पक्ष, कायद्याचे अवघड किंवा नवे मुद्दे काढणारे वेळखाऊ अर्ज, कागदोपत्री पुरावा भरपूर, साक्षीदार अनेक, दुसऱ्या कोर्टात चाललेल्या संबंधित दाव्यांशी सांगड घालायची गरज, आणि निकालानंतरही कोर्टाची बरीच देखरेख लागणं. सहाच्या सहा चौकटी भरायचा मोह होतो, तो टाळा. तुमच्या दाव्यात पहिली, तिसरी आणि चौथी चौकट सरळ लागू आहे. निकालानंतर देखरेखीची गरज तुम्हाला दिसत नाही, पैसे मिळाले की दुरुस्ती तुम्हीच करणार. जी चौकट लागू नाही तिच्यावर खूण दिसली, की न्यायाधीश बाकीच्या खुणांकडेही संशयाने बघतात.

आणखी एक बारकी गोष्ट त्याच कागदावर खाली लिहिलेली आहे. साध्या दाव्यात हे कव्हर शीट नुसतं आकडेवारीसाठी असतं. कॉम्प्लेक्सची खूण केली, की त्याची प्रत समोरच्या प्रत्येक पक्षाला बजावावीच लागते. समन्स आणि दाव्याच्या प्रतीबरोबर ती जाते आहे ना, हे वकिलांच्या कचेरीत एकदा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

खूण केली म्हणजे झालं असंही नाही, निर्णय कोर्टाचा. बिल्डरला वाटलं हा दावा कॉम्प्लेक्स नाही, तर पहिल्या हजेरीपर्यंत तो उलट खुणेचं कव्हर शीट दाखल करू शकतो. मग कोर्टाने ३० दिवसांत ठरवायचं, सुनावणी घेऊन किंवा न घेता. उलटही घडतं: तुम्ही खूण केली नाही आणि बिल्डरने केली. तुमच्या प्रकारच्या दाव्यात बिल्डर सहसा विरोध करत नाहीत, कारण डझनभर सबकॉन्ट्रॅक्टरांना एका टेबलावर आणणं त्यांनाही हवंच असतं. एक शक्यता मात्र ध्यानात ठेवा. अशाच प्रकारचे दावे त्या कोर्टाने पुष्कळ हाताळले असतील आणि ते त्याच्या रोजच्या कामाचा भाग झाले असतील, तर तात्पुरत्या कॉम्प्लेक्स प्रकारातला दावासुद्धा कोर्ट त्यातून वगळू शकतं.

पहिल्या दिवशी खूण राहून गेली तर दार बंद होत नाही. कोणत्याही पक्षाला नंतर रीतसर अर्ज करता येतो, कोर्ट स्वतःहूनही ठरवू शकतं. पण मग अर्जाची ६० डॉलर फी, सुनावणीच्या किमान १६ कोर्ट-दिवस आधी बजावणी, आणि त्यामागची वकिलाची मेहनत, जिचं बिल तुम्हालाच येणार. असा अर्ज लिहायची वेळ आलीच, तर त्याचा जीव प्रतिज्ञापत्रात असतो. ‘हा दावा अत्यंत क्लिष्ट आहे’ असं पाच वेळा लिहून काही होत नाही. आकडे द्यावे लागतात: आजवर किती पक्ष हजर झाले आणि त्यांचे वकील कोण, अजून किती यायचेत, किती इमारती, किती घरांची तपासणी, दोन्हीकडचे तज्ज्ञ किती, कागद किती हजार पानं, कुठले अर्ज येणार हे आत्ताच दिसतंय, घरमालकांनी स्वतंत्र दावे केले असतील तर त्यांचे क्रमांक. सोबत प्रस्तावित हुकूम जोडायचा. ज्या न्यायाधीशाला पहिल्या दोन पानांत पक्षकारांचा तक्ता दिसतो, त्याला फार समजवावं लागत नाही.

आता पैसे, कारण बोर्डात घोडं तिथेच अडलंय. तुमच्या सँटा क्लारा काउंटीत अमर्याद रकमेच्या दिवाणी दाव्याची पहिली फी ४३५ डॉलर. कॉम्प्लेक्स म्हटलं की त्यावर १,०००. वादी कितीही असले तरी त्यांच्या बाजूने हे एकदाच. तुमच्या ६४ घरांवर वाटले तर घरटी सोळा डॉलरही होत नाहीत. समोरच्या प्रत्येक पक्षालाही पहिल्या हजेरीला १,००० भरावे लागतात, विरुद्ध बाजूच्या सगळ्यांचे मिळून जास्तीत जास्त १८,०००. कोर्टाने पुढे ‘हा कॉम्प्लेक्स नाही’ असं ठरवलं, तर भरलेली कॉम्प्लेक्स फी परत मिळते. दावा जिंकलात तर कोर्टाची फी खर्चात धरून समोरच्याकडून मागता येते. हे पैसे कोर्टात जातात, वकिलाच्या खिशात नाही, एवढं सांगितलं तरी ‘युक्ती’ म्हणणाऱ्यांचा निम्मा राग उतरेल.

उरलेला निम्मा राग मात्र रास्त आहे, आणि तो तुम्ही वकिलांपुढे मांडायलाच हवा. कॉम्प्लेक्स विभागातल्या बांधकाम-दोषाच्या दाव्यात बहुतेकदा एक स्पेशल मास्टर नेमला जातो. तपासण्यांचं वेळापत्रक, कागदपत्रांचा सामायिक साठा, दोषांची यादी कधी द्यायची, दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज कधी, सबकॉन्ट्रॅक्टरांनी आपल्या कामाची व्याप्ती कधी लिहून द्यायची, मध्यस्थीच्या बैठका, हे सगळं तो हाकतो. भिंत एकदाच उघडायची आणि त्या दिवशी सगळ्यांनी यायचं, हे त्याच्यामुळे जमतं. पण तो तासाचे पैसे घेतो आणि ते पक्षांमध्ये वाटले जातात. तुमचा वाटा किती टक्के, तो वकिलांच्या करारातल्या खर्चात धरलाय की असोसिएशनने वेगळा द्यायचा, तज्ज्ञांची बिलं कोण आधी भरणार, दावा हरलो तर त्यांचं काय: हे चार प्रश्न बैठकीत विचारा आणि उत्तरं इमेलवर मागा. १,००० डॉलरवर तासभर भांडून या प्रश्नांना हात न लावणारी बोर्डं मी पाहिली आहेत, आणि नंतर पन्नास पटीने मोठं बिल आल्यावर त्यांची जी अवस्था होते तीही.

एकच न्यायाधीश मिळण्याची दुसरी बाजूही समजून घ्या. तो न्यायाधीश तुमच्या बाबतीत निःपक्ष राहणार नाही असं वकिलांना मनापासून वाटत असेल, तर कारण न सांगता त्याला बदलून मागायची एक संधी कायदा देतो. पण एका बाजूला एकदाच, आणि दावा सर्व कामांसाठी एका न्यायाधीशाकडे सोपवल्याची सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत. मुदत टळली की संपलं. हा निर्णय वकिलांचा असला, तरी त्यांनी घाईत परस्पर घेऊ नये. सूचना आली की त्याच दिवशी बोर्डाला कळवा, असं आत्ताच सांगून ठेवा.

एका गोष्टीत तुम्ही नशीबवान आहात. कॉम्प्लेक्स दाव्यांच्या या सोयीचा प्रयोग राज्यात जानेवारी २००० मध्ये ज्या सहा काउंट्यांत सुरू झाला, त्यांत सँटा क्लारा होती. बाकीच्या पाच म्हणजे अॅलामीडा, काँट्रा कोस्टा, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि ऑरेंज. म्हणजे तुमच्या कोर्टाला या कामाचा सराव जुना आहे. वाचकांपैकी जे ट्रेसी किंवा माउंटन हाउसला राहतात, त्यांच्या सॅन वाकीन काउंटीचं नाव या सहांत नव्हतं, पण नियम राज्यभर लागू आहे. शिवाय नियम ३.७३४ प्रमाणे पीठासीन न्यायाधीशाकडे ‘हा दावा एकाच न्यायाधीशाकडे द्या’ एवढाच अर्ज करता येतो. त्याला कॉम्प्लेक्सचे १,००० डॉलर लागत नाहीत. मध्यम आकाराच्या वादाला अनेकदा तेवढं पुरतं.

मुदतीचं मात्र आजच बघा. २००३ पासून विकलेल्या नव्या घरांना जो दुरुस्ती-हक्काचा कायदा लागू आहे, ज्याला सगळे एसबी ८०० म्हणतात, त्यात बाहेरची मर्यादा १० वर्षांची आहे. ती बांधकाम बऱ्याच अंशी पूर्ण झाल्यापासून मोजतात, आणि पूर्णत्वाची वैध नोटीस नोंदवलेली असेल तर फार तर त्या तारखेपासून. २०१७ चा शेवट म्हणजे २०२७ चा शेवट. सगळ्या इमारती एकाच दिवशी पूर्ण झालेल्या नसतात, त्यामुळे प्रत्येक इमारतीची तारीख काउंटी रेकॉर्डरकडून काढून घ्या. काही दोषांची मुदत यापेक्षा खूप लहान आहे. प्लंबिंग आणि विजेच्या कामाची घराचा ताबा-व्यवहार पूर्ण झाल्यापासून ४ वर्षं, म्हणजे तुमची ती केव्हाच गेली असणार. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मॅकमिलन ऑल्बनी या निकालात ठरवलं, की अशा दोषांसाठी याच कायद्याच्या वाटेने जायचं, ती वाट चुकवून जुन्या निष्काळजीपणाच्या तत्त्वावर थेट दावा लावता येत नाही. तुम्ही नोटीस, पाहणी वगैरे पायऱ्या चढला आहात हे म्हणूनच फार बरं झालं. त्या काळात मुदत थांबली होती का आणि किती दिवस, याचा हिशेब वकिलांकडून लेखी घ्या.

आता तुमचे मित्र. एक शेजारी, एक कुंपण, तीन फूट जमीन, फार तर दोन सर्वेअर आणि दोन्ही घरांची खरेदीखतं. याला कुठलाही न्यायाधीश कॉम्प्लेक्स म्हणणार नाही. हजार डॉलर भरायचे, ‘नाही’ ऐकायचं, मग ते परत मागायचे, आणि पहिल्याच कागदावर कोर्टाला वाटणार की या माणसाला आपल्या वादाचं माप कळत नाही. त्यांनी फॉर्मवर ‘अदर रिअल प्रॉपर्टी’ची चौकट धरावी, तिचा आकडा २६. त्यांच्यासाठी मोलाचा कागद वेगळाच आहे. मालकीहक्क ठरवून मागायचा दावा असेल, तर तो दाखल करताच ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची नोटीस काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवावी लागते. शेजाऱ्याने उद्या घर विकलं तरी घेणाऱ्याला निकाल बांधील राहतो तो त्या नोटिशीमुळे. तुमच्या बांधकाम-दोषाच्या दाव्याला ही नोटीस लागू नाही, कारण तिथे मालकीचा वाद नाही, भरपाई मागायची आहे. मित्राला हेही सांगा, की दावा लावण्याआधी एकदा शेजाऱ्याला घरी बोलवा, दोघं मिळून एकच सर्वेअर लावा. तीन फुटांचे वाद मी कोर्टात कमी आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर जास्त मिटताना पाहिलेत.

घर विकायचं म्हणाल तर वहिनींची काळजी खरी आहे. चालू दाव्याची आणि ओलीची माहिती विकत घेणाऱ्याला लेखी द्यावीच लागते, ती लपवली तर पुढचा दावा तुमच्यावर. इमारतीच्या सुरक्षिततेबद्दल किंवा मजबुतीबद्दल असोसिएशनचा दावा चालू असला, की बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांमुळे बऱ्याच बँका त्या वसाहतीतल्या घराला कर्ज द्यायला नकार देतात. म्हणजे गिऱ्हाईक मिळेल, पण रोखीवाला आणि पाडून मागणारा. व्याजदर बदलून घ्यायचा विचार असेल तर त्यालाही हीच अडचण येते. विकायची निकड नसेल तर थांबा.

आणि आई. हे शेवटी लिहिलं असलं तरी करायचं आज रात्री आहे. त्यांची गादी वरच्या खोलीत हलवा, जिने चढवत नसतील तर दिवाणखान्यात. पुरावा जपायचा म्हणून कुणी ओल्या भिंतीशेजारी झोपावं असं कुठलंही कोर्ट सांगत नाही, उलट नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमच्यावरही आहे. फक्त स्वतःहून भिंत फोडू नका. खोलीचे फोटो काढा, भिंतीजवळ फूटपट्टी धरून, तारीख दिसेल असे. वकिलांना उद्या सकाळी इमेल करा, की या घरात तातडीची दुरुस्ती लागणार आहे, बिल्डरला कळवून कधी करता येईल ते सांगा. जे ड्रायवॉल, कार्पेट, लाकूड काढाल त्यातला एक-एक तुकडा पिशवीत घालून, खोलीचं नाव आणि तारीख लिहून गॅरेजमध्ये ठेवा. आईंना खोकला असेल तर डॉक्टरांना ओलीबद्दल सांगा, म्हणजे त्यांच्या नोंदीत ते येईल.